रिडेव्हलपमेंटचं चित्र बघण्याआधी: आपल्या प्लॉटचे चार कागद आणि एक हरकत

चौदा मजली टॉवरचं एक रंगीत चित्र आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर वर्षभर लटकत होतं. खाली हिरवळ, हिरवळीवर कुत्रा फिरवणारी बाई, मागे निळं आकाश. आमच्याकडे कुत्रा कोणाचाच नाही आणि हिरवळ म्हणाल तर गेटापाशी एक कडुनिंब. विलेपार्ले पूर्व, १९७४ सालची इमारत, तळमजला अधिक तीन, सोळा घरं. मी तिथली सेक्रेटरी. त्याआधी तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे सोसायटीचा हिशेब आपोआप माझ्या गळ्यात पडला.

चित्र चौदा मजल्यांचं होतं आणि आमच्या प्लॉटवर बसत होते पार्किंग सोडून सात. हे कळायला आम्हाला दीड वर्ष लागलं. खरं तर पंधरा दिवसांचं काम. जे कागद बिल्डरने शेवटी टेबलावर ठेवले, ते सगळे आम्हाला आधीच मिळू शकले असते. कोणी मागितलेच नव्हते. मी पण नाही. म्हणून तुमच्या सोसायटीत "आता रिडेव्हलपमेंटचं बघायला हवं" असं कोणी पहिल्यांदा म्हणेल, त्या दिवसापासून काय करायचं ते क्रमाने लिहिते.

जमीन कोणाच्या नावावर आहे

पहिला कागद मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. भूमी अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचं मिळतं. त्यासाठी सीटीएस क्रमांक, म्हणजे सिटी सर्व्हेतला प्लॉटचा नंबर, लागतो. पार्ल्यासारख्या जुन्या उपनगरात इथेच पहिली ठेच लागते, कारण इथे फार पूर्वी टाउन प्लॅनिंग स्कीम झालेल्या आहेत, म्हणजे प्लॉट नव्याने आखून त्यांना नवे नंबर दिले गेले. जुन्या खरेदीखतावर अंतिम भूखंड क्रमांक असतो, टॅक्सच्या बिलावर तिसराच नंबर, आणि सभासदांना पाठ असतो चौथाच. सगळे नंबर एका कागदावर एकाखाली एक लिहून ठेवा. पुढे प्रत्येक खिडकीवर यातला वेगळा नंबर विचारतात.

पत्रकावर दोन गोष्टी बघायच्या: क्षेत्रफळ आणि धारकाचं नाव. नाव अजून मूळ जमीनमालकाचं असेल तर जमीन सोसायटीच्या नावावर आलेली नाही. तसं असेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे मालकाने करून दिलं नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा) अर्ज आधी, बाकी सगळं नंतर. आमचं अभिहस्तांतरण आधीच्या सेक्रेटरींनी करून ठेवलं होतं, त्या बाबतीत आम्ही नशीबवान. क्षेत्र ९५३ चौरस मीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इमारतीच्या मंजूर नकाशाची जुनी प्रत हाताशी नसेल तर माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये आणि उत्तराला ३० दिवस. सध्याचं बांधकाम किती, हे त्यावरूनच सिद्ध होतं.

डीपी रिमार्क

मुंबईसाठी विकास आराखडा (डेव्हलपमेंट प्लॅन, म्हणून डीपी) २०३४ आणि त्यासोबतची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०१८ साली मंजूर झाली. आराखडा म्हणजे नकाशा: कुठली जमीन निवासी, कुठली व्यापारी, कुठली औद्योगिक, कुठे शाळेचं आरक्षण, कुठून रस्ता. नियमावली म्हणजे त्या नकाशावर किती आणि कसं बांधायचं. दोन्ही मिळून तुमच्या प्लॉटचं भविष्य. ठाणे, डोंबिवली, पुणे वगैरे ठिकाणच्या वाचकांनी एक ध्यानात ठेवावं: तिकडे २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली एकत्रीकृत नियमावली आहे. मुंबईचे आकडे तिकडे लावू नका. माझ्या डोंबिवलीच्या नणंदेने ते केलं आणि महिनाभर उगाच आनंदात होती.

आपल्या प्लॉटपुरता आराखड्यातला उतारा म्हणजे डीपी रिमार्क, हा दुसरा कागद. महापालिकेकडे ऑनलाइन अर्ज करून फी भरली की मिळतो. तो हातात आला की पुढचे तपशील शोधायचे.

झोन कोणता. बहुतेकांचा निवासी निघतो. मग पुढे चला.

आरक्षण आहे का. आराखड्यात प्रत्येक सोयीला इंग्रजी अक्षरांचा संकेत असतो. सुरुवातीला 'आर' असेल तर ते आरक्षण, म्हणजे सोय अजून व्हायची आहे. 'ई' असेल तर ती आज जागेवर असलेली सोय. उदाहरणार्थ आरओएस १.४ म्हणजे खेळाच्या मैदानाचं आरक्षण, ईओएस १.४ म्हणजे आज असलेलं मैदान. एका अक्षराचा फरक आहे, पण पहिल्यात तुमच्या इमारतीची जागा गुंतलेली असू शकते. आरक्षण अंशतः असलं तरी त्याचं क्षेत्र किती ते विचारून घ्या. आरक्षण दिसलं म्हणून लगेच कपाळाला हात लावायचं कारण नाही. काही आरक्षणांत जागेचा भाग सोयीसाठी विकसित करून द्यायचा आणि उरलेल्यावर आपण बांधायचं, असा मार्ग नियमावलीत आहे. पण त्याचं गणित वास्तुविशारदाकडूनच करून घ्या.

शेवटचा तपशील रस्ता. त्याला वेगळा विभागच देते, कारण सगळी मेख तिथे आहे.

टेप घेऊन रस्त्यावर

उपनगरात किती बांधता येईल हे बिल्डर ठरवत नाही, समोरचा रस्ता ठरवतो. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं तो आकडा. मूळ एफएसआय १. रस्ता ९ मीटरच्या आत असेल तर तिथेच थांबा: वर ना प्रीमियमचा (पैसे भरून मिळणारा) एफएसआय, ना टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा, विकत घेतलेला बांधकामाचा हक्क). ९ ते १२.२ मीटरच्या रस्त्यावर ०.५ प्रीमियम भरून आणि ०.५ टीडीआर, एकूण २. १२.२ ते १८.३ मीटरवर टीडीआर ०.७ होतो, एकूण २.२. १८.३ च्या पुढे २.४, आणि ३० मीटर किंवा जास्त असेल तर २.५. यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे वेगळं मिळणारं जादा बांधकाम. कोष्टकात दुरुस्त्या होत असतात, तेव्हा काम सुरू करताना ताजी प्रतच समोर ठेवा.

आमच्या रस्त्याला सगळे 'तीस फुटी' म्हणतात. तीस फूट म्हणजे ९.१५ मीटर. एका रविवारी पहाटे सहाला मी आणि दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा तीस मीटरची टेप घेऊन उतरलो. रहदारी नव्हती, फक्त दूधवाला. समोरच्या कुंपणभिंतीपासून आमच्या भिंतीपर्यंत गेटापाशी ९.२०. किराणा दुकानासमोर ९.१०. कडुनिंबापाशी भिंत मुळांनी रस्त्याच्या बाजूला ढकलली आहे, तिथे टेप ८.८५ वर थांबली. दूधवाला थांबून विचारतो, "बाई, गटार बांधताय का?" मी त्याला काय सांगणार, की हे पंधरा सेंटिमीटर सोळा घरांचं भवितव्य आहेत!

घरी येऊन रिमार्क परत वाचला तेव्हा जीव भांड्यात पडला. हिशेब टेपवर होत नाही, आखलेल्या रुंदीवर होतो: डीपी रस्ता असेल तर आराखड्यातली रुंदी, नसेल तर महापालिकेने मंजूर केलेली रस्तारेषा, जिला सगळे आरएल म्हणतात. म्हणून डीपी रिमार्कसोबत आरएल रिमार्कही मागा, हा तिसरा कागद. तरी टेप लावाच. कागद आणि जमीन यात किती अंतर आहे हे आपल्याला आधी कळलेलं बरं, नाहीतर ते बिल्डरच्या सर्व्हेअरकडून कळतं आणि तेव्हा भाव पाडायला कारण मिळतं.

आमच्या रिमार्कवर रस्ता १३.४० मीटर निघाला. म्हणजे रुंदीकरण प्रस्तावित. दोन्ही बाजूंनी साधारण २.१२ मीटरची पट्टी जायची. आमची दर्शनी बाजू २५ मीटर, म्हणजे ५३ चौरस मीटर रस्त्यात. ९५३ मधून ५३ गेले, उरले ९००. त्या पट्टीचा मोबदला एफएसआय किंवा टीडीआरच्या रूपात मिळतो, तो वेगळा मांडायचा.

आता पाटीवरचं गणित. ९०० गुणिले २.२ म्हणजे १९८०. त्यावर ३५ टक्के फंजिबल धरून २६७३ चौरस मीटर. रस्ता तीस फुटीच राहिला असता तर पट्टी गेली नसती: ९५३ गुणिले २, फंजिबल धरून २५७३. फरक १०० चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे १०७५ चौरस फूट. शिवाय जुन्या सोसायट्यांसाठी ३३(७)(ब) हा नियम आहे: इमारत तीस वर्षांपुढची असेल तर सध्याच्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा घरामागे १० चौरस मीटर, यांपैकी जे जास्त ते, प्रीमियम न भरता. आमचं सध्याचं बांधकाम ८९०. १५ टक्क्यांनी १३३ होतात, घरामागे दहाने १६०. आम्ही १६० घेतले. हा आकडा बिल्डरच्या पहिल्या ऑफरमध्ये आहे का ते बघा. आमच्यात नव्हता.

वरून विमान जातं

पार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर इथल्या वाचकांसाठी हा चौथा कागद. विमानतळाच्या आसपास किती उंच बांधायचं हे भारतीय विमानतळ प्राधिकरण ठरवतं. त्यांचा रंगीत विभागवार नकाशा असतो. लाल भागात असाल तर कितीही ठेंगणी इमारत असो, त्यांचा ना-हरकत दाखला लागतोच. बाकी रंगांत ठरावीक उंचीपर्यंत महापालिकाच परवानगी देऊ शकते. अर्ज ऑनलाइन, सोबत सर्व्हेअरने प्रमाणित केलेले अक्षांश-रेखांश आणि जमिनीची पातळी.

दाखल्यावर जी उंची येते ती समुद्रसपाटीपासून असते. सभेत हे वाक्य मी तीनदा सांगितलं, तरी तळमजल्यावरचे काका शेवटपर्यंत "अडतीस मीटर म्हणजे बारा मजले" हेच धरून बसले. आमच्या दाखल्यावर ३८ मीटर. आमची जमीन समुद्रसपाटीपासून ८ मीटर वर. उरले ३०. त्यातही गच्चीवरची पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, वीजरोधक दांडा, सगळं त्या ३० च्या आत. टाकी आणि लिफ्टचे ५ काढा, राहिले २५. खाली पार्किंगचा मजला, वर सात. चारी बाजूंचं मोकळं अंतर सोडून आमच्या प्लॉटवर एका मजल्याला साधारण ३०० चौरस मीटर बसतात. सात त्रिक एकवीस, म्हणजे २१००.

कागदावर २६७३, वर १६०. हवेत जागा २१०० ची. उरलेला एफएसआय आमचाच, पण ठेवायचा कुठे? चौदा मजल्यांचं चित्र त्याच दिवशी बोर्डावरून उतरवलं. तोवर बिल्डरने कार्पेटच्या ४० टक्के जास्त जागा देतो म्हणून सांगितलेलं होतं. दाखला टेबलावर आल्यावर ते निमूटपणे चौदा टक्क्यांवर आले. मला त्यांचा राग नाही आला. आपण न विचारलेलं त्यांनी आपणहून का सांगावं?

नकाशा बदलतो तेव्हा

आता तो १३.४० मीटरचा रस्ता. त्याची खबर मला आधीपासून होती, कारण मी त्याला लेखी विरोध केला होता.

मुंबईचा नवा प्रारूप आराखडा पहिल्यांदा २०१५ च्या सुरुवातीला आला तेव्हा शहरभर गदारोळ झाला, हजारोंनी हरकती गेल्या, आणि त्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो बाजूला ठेवून नव्याने करायला सांगितलं. त्या वेळी मी कोणीतरी आणलेल्या छापील पत्रावर न वाचता सही केली होती. २०१६ च्या मे महिन्यात सुधारित आराखडा आला, तेव्हा मात्र स्वतः बसून लिहिलं. तीन पानं. कडुनिंब किती जुना, त्याखाली कोण कोण बसून गेलं, आमच्या मुली तिथे कशा खेळल्या, सगळं. काही महिन्यांनी सुनावणीचं बोलावणं आलं. समोरच्यांनी पत्र उलटसुलट पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "बाई, तुमची मागणी काय आहे?" माझ्या तीन पानांत मागणी नव्हती. मुलांना पेपरात 'काय काढायचे आहे ते आधी लिहा' म्हणून ओरडणारी मी, आणि माझ्याच उत्तरात ते नव्हतं. जेमतेम दोन मिनिटं होती, ती शब्द शोधण्यात गेली. रस्ता १३.४० चाच राहिला.

म्हणून हरकत लिहिताना ती एका पानात बसवा. विषयात कायदा आणि कलम: महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. प्रारूप आराखड्यावर असेल तर कलम २६, मंजूर आराखड्यातल्या बदलावर असेल तर कलम ३७. त्याखाली सगळे प्लॉट नंबर आणि आराखड्याच्या ज्या नकाशा-पानावर आपली जागा आहे त्याचा क्रमांक. आणि लगेच मागणी, एका वाक्यात. आज मी असं लिहीन:

"मागणी: सीटीएस क्रमांक अमुकसमोरील प्रस्तावित १३.४० मीटर रस्त्याची रेषा गेटाजवळील जुना कडुनिंब वाचेल इतपत पूर्वेकडे सरकवावी. कारण: समोरील बाजूस मोकळी जागा असून तेथे कोणतेही पक्के बांधकाम बाधित होत नाही. सोबत: मालमत्ता पत्रक, मोजमापासह हाताने काढलेला नकाशा, चार छायाचित्रे. प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी."

शेवटचं वाक्य विसरू नका. सुनावणी हवी असेल तर ती पत्रातच मागितलेली बरी. कारण देताना "आमचं नुकसान होतं" पेक्षा "जागेवर हे आहे, नकाशात ते दिसतं" असं लिहा. नियोजन समितीत स्थायी समितीचे सदस्य आणि शासनाने नेमलेले तज्ज्ञ असतात. तज्ज्ञाला तफावत दाखवली की तो नकाशा काढून बघतो. पन्नास जणांनी एकच झेरॉक्स देण्यापेक्षा पाच जणांनी आपापल्या प्लॉटचं वेगळं पत्र दिलेलं चांगलं.

मुदत नोटिशीत लिहिलेली असते, तीच खरी. २०१६ ला ६० दिवस होते. कलम ३७ खालच्या बदलांना एक महिना मिळतो, आणि हे बदल जास्त सांभाळायचे. नवा आराखडा आला तर पेपरात गाजतो. पण एखाद्या प्लॉटवरचं मैदानाचं आरक्षण उठवायचं असेल तर त्याची नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी येते. आमच्याकडे आता पहिल्या मजल्यावरच्या वहिनी रोज सकाळी चहाबरोबर जाहीर नोटिसांचं पान वाचतात आणि 'विलेपार्ले' दिसलं की फोटो टाकतात. एवढी व्यवस्था पुरते. मंजुरी देताना शासनाने मोठे बदल केले, तर त्या भागापुरत्या हरकती पुन्हा मागवतात; २०१८ मध्ये तेही झालं. पहिल्या फेरीत हुकलात तर दुसरीकडे लक्ष ठेवा.

गंमत बघा. ज्या रुंदीकरणाविरुद्ध मी तीन पानं लिहिली, त्यानेच आमचा एफएसआय २ वरून २.२ वर नेला. आणि तो वाढलेला ०.२ विमानाने खाल्ला. तेव्हा ही चारही पत्रकं माझ्यासमोर असती तर मी रस्त्याला विरोध केला असता का? कडुनिंबासाठी केलाच असता. पण निदान काय सोडतेय ते माहीत असतं.

मग सभा

इथून पुढचं काम तुलनेने सोपं आहे, कारण रस्ता आखून दिलेला आहे. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय काढून वाचा. आम्ही त्याच्याच क्रमाने गेलो: विशेष सर्वसाधारण सभा, प्रकल्प सल्लागाराची नेमणूक, त्याचा व्यवहार्यता अहवाल, मग निविदा, आणि बिल्डर निवडायच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी. सभेला दोन तृतीयांश सभासद लागतात, सोळापैकी अकरा. पुण्याला मुलाकडे गेलेल्या दोघांना मी तिकिटं काढून बोलावलं. सभेचं चित्रीकरण करा, आणि व्यवहार्यता अहवालावर सह्या घेण्याआधी वरचे चारही कागद प्रत्येक घरात वाटा. आम्ही वाटले तेव्हा खर्च आला झेरॉक्सचे तीनशे वीस रुपये. तळमजल्यावरच्या काकांनी तेवढ्यावरूनही हिशेब मागितला.

आता करार झालाय, सात मजल्यांचा. गेट दोन मीटर आत घेणार आहेत आणि कडुनिंब रस्त्याच्या पट्टीत जातोय. झाडासाठी वृक्ष प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज केलाय. एकच पान, मागणी पहिल्या ओळीत. आवक शिक्क्याची शाई फिकट लागली होती, म्हणून खिडकीपाशीच फोटो काढून ग्रुपवर टाकला.